कशाबद्दल नाचायचं?

मराठी माणसाला नाचता येत नाही, हा त्याच्यावरचा खोटा आळ आहे. त्याला उत्तम नाचता येतं. फक्त कारण लागतं. गणपती यावा लागतो किंवा जावा लागतो. हंडी फुटावी लागते. मित्राची वरात निघावी लागते. अगदीच काही नसेल तर आपल्या वॉर्डातला उमेदवार पडता पडता निवडून यावा लागतो. एकदा कारण मिळालं की बँकेतला हेडकॅशिअर रुमालाचं टोक दातात धरून भर रस्त्यात लोळतो, आणि त्याच बँकेतला शिपाई दुसऱ्या टोकाची पुंगी करून त्याला डोलवतो. दुसऱ्या दिवशी दोघेही काउंटरच्या आत बसून आदल्या रात्रीबद्दल चकार शब्द काढत नाहीत. काढायचं काय? तो नाच त्यांच्या नावावर नसतोच. तो देवाच्या खात्यावर पडलेला असतो.

त्यामुळे माझा भाचा लंडनमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी नाचायला जातो हे बहिणीने सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून आपसूक निघालं, "कशाबद्दल?"

"तेच तर, दादा," ती म्हणाली. "कशाबद्दलच नाही."

तिच्या आवाजात जी काळजी होती, ती मुलगा परदेशात मांस-मच्छी खातो हे कळल्यावरही नव्हती. अर्थात आम्ही लालबागचे. मांस-मच्छी तो इथूनच शिकून गेला होता. पण विनाकारण नाच? चांगला शिकलेला, पगार असलेला, दर महिन्याला न चुकता पैसे पाठवणारा मुलगा ऑफिस सुटल्यावर एका चर्चच्या हॉलमध्ये जातो, बारा पौंड भरतो, पिशवीतून दुसरा शर्ट आणि चामड्याच्या तळव्याचे बूट काढतो आणि तीन तास नाचतो. तिथे कोणाचं लग्न नसतं. कोणी पास झालेलं नसतं. मूर्ती नाही, प्रसाद नाही, पावतीपुस्तक नाही. बरं, कारणच हवं होतं तर लंडनमध्ये त्याचीही सोय आहे. तिथलं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं, म्हणजे आमच्या लालबागच्या राजापेक्षा दोन वर्षांनी थोरलं. तिथे गणपतीही बसतो.

मग बहिणीने दर रविवारी व्हिडिओ कॉलवर चौकशी समिती बसवली. समितीत मीही होतो.

"कोण असतं रे तिथे?"

"कोणीही. डॉक्टर, प्लंबर, मास्तर. एक सत्तरीच्या आजी येतात, त्या सगळ्यांत भारी नाचतात."

"मग तू नाचतोस कोणाबरोबर?"

"सगळ्यांबरोबर. एकदोन गाणी झाली की जोडीदार बदलायचा. तशी पद्धतच आहे. कोणीही कोणाला विचारतं."

"पोरी येऊन विचारतात?"

"हो."

"पुढे?"

"पुढे काय? गाणं संपलं की थँक यू म्हणायचं आणि पाणी प्यायला जायचं."

पहिले सहा महिने बहिणीला धास्ती होती की पोरगा तिकडे कोणीतरी जमवून बसेल. पुढचे सहा महिने तिला धास्ती वाटू लागली की तो कोणीच जमवत नाहीये. "दर आठवड्याला दहा-पंधरा जणींबरोबर नाचतो आणि एकीचंही आडनाव सांगता येत नाही याला!" ती मला फोनवर म्हणाली. नंतर एकदा तिने सत्तरीच्या आजींना नात आहे का, याचीही आडून चौकशी केली. नात होती. लग्न झालेली होती. त्या रविवारी कॉल लवकर संपला.

हा नाच म्हणजे लिंडी हॉप. स्विंग नावाच्या संगीतावर करायचा जोडीनृत्याचा प्रकार, जन्म न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत. तिथे लेनॉक्स ॲव्हेन्यूवर १४० आणि १४१ व्या रस्त्यांच्या मधला अख्खा ब्लॉक व्यापून १९२६ साली सॅव्हॉय बॉलरूम उघडला. एका वेळी चारेक हजार माणसं मावायची. अमेरिकेत काळ्या-गोऱ्यांनी एका बाकावर बसायचीही चोरी होती त्या काळात सॅव्हॉयच्या फरशीवर दोघे एकत्र नाचत, आणि इतके नाचत की ती लाकडी फरशी दर तीन वर्षांनी बदलावी लागे. १९३५ साली तिथल्या फ्रँकी मॅनिंग नावाच्या पोराने आपल्या जोडीदारणीला पाठीवरून उलटी उडवून पुन्हा तालावर जमिनीवर उतरवली. तेव्हापासून लिंडीमध्ये माणसं हवेत जाऊ लागली.

हे सगळं भाच्याने मला मोठ्या उत्साहाने सांगितलं. जणू मुंबईला याची काही गंधवार्ताच नव्हती. पण ज्या १९३५ साली हार्लेममध्ये मॅनिंगची जोडीदारीण हवेत होती, त्याच साली लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय वाद्यवृंद घेऊन अपोलो बंदरावरच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. मग क्रिकेट स्मिथ आला, टेडी वेदरफोर्ड आला. ताजच्या बॉलरूममध्ये साहेब, संस्थानिक आणि पारशी शेठ त्यांच्या बायकांना घेऊन नाचू लागले. तिथून सात-आठ किलोमीटरवर, लालबागच्या बाजारात, कोळ्यांचा आणि व्यापाऱ्यांचा नवसाला पावलेला गणपती नुकताच, १९३४ साली, बसला होता. दोन्हीकडे नाच चालू. मधे फक्त गिरण्यांचे भोंगे आणि हॉटेलच्या दारातला दरवान.

दरवानाला चुकवून ते संगीत बाहेर कसं पडलं, ही खरी गंमत आहे. ते नोकरांच्या दारातून पडलं. ताजमध्ये, शेजारच्या ग्रीन्स हॉटेलात वाजवणारे बहुतेक हात गोव्याचे होते. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत ही पोरं लहानपणीच पाश्चात्त्य नोटेशन वाचायला शिकायची, मुंबईला यायची आणि धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गावागावांच्या क्लबांमध्ये, ट्रंक टेकवायची. रात्री अंगात डिनर जॅकेट आणि समोर महाराजा. पहाटे उशाला ती ट्रंक. मिकी कोरियाचा बँड ताजमध्ये १९३९ पासून १९६० पर्यंत टिकला. आल्डोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ ट्रम्पेट अशी वाजवायचा की लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. त्याचं बँडवरचं नाव चिक चॉकलेट.

मग १९४७ साली साहेब गेला आणि १९४९ साली दारूबंदीचा कायदा आला. नाचायला कारण लागतं हे मी आपल्या लोकांबद्दल म्हटलं. शेठलोकांना कारण लागत नसे, पण पेला लागत असे. हॉटेलांची रात्र सुकत गेली. वाजवणाऱ्यांच्या पोटाला मात्र दारूबंदी लागू नव्हती. ते सिनेमाकडे आणखी जोराने वळले. स्टुडिओंमध्ये चाली होत्या, पैसे होते, आणि वीस-पंचवीस वाद्यांना कागदावर लिहून सूर वाटून देणारी माणसं हवी होती. तिथे गोव्याच्या ट्रम्पेटला भेटला नगर जिल्ह्यातला पुणतांब्याचा रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र. त्यांनी १९४७ च्या 'शहनाई'त स्विंगचा रंग आधीच लावून पाहिला होता. चिक चॉकलेट त्यांचा साहाय्यक झाला आणि १९५१ साली दोघांनी मिळून 'अलबेला' नावाचा बॉम्ब फोडला. चिक त्यात पडद्यावरही दिसतो, बाह्यांना झालरी लावलेला सदरा घालून.

आणि या बॉम्बची वात ज्याने पेटवली, तो गिरणी कामगाराचा मुलगा होता. भगवान आबाजी पालव. आखाड्याचा नाद, म्हणून 'दादा'. भगवानदादांनी आधी बरीच वर्षं मारामारीचे स्वस्त सिनेमे काढले. 'अलबेला'त त्यांनी मारामारी सोडली आणि तेवढंच भारदस्त अंग घेऊन गीता बालीसमोर नाचायला उभे राहिले. त्या नाचात काय होतं? जवळजवळ काहीच नव्हतं. कोपरं किंचित वर, खांदे सैल, कमरेला एक छोटा हेलकावा, पाय जागच्या जागी आणि चेहऱ्यावर आत्ताच पगार झाल्याचं समाधान.

भाचा म्हणतो, लिंडीत नर्तकाला लांबट पट्टी लागते. जोडीदारीण त्या पट्टीवरून धावत येते, वळते आणि पुन्हा लांब फेकली जाते. एका जोडीला किमान सात-आठ फूट. हे ऐकल्यावर मला भगवानदादांच्या स्टेपचं शास्त्र उलगडलं. सॅव्हॉयची लांबी एक अख्खा ब्लॉक. नायगाव, वरळी, डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फूट. त्यात पलंग, कपाट, मोरी, आठ माणसं आणि गावाहून आलेला एक पाहुणा. अशा खोलीत कोणी आपल्या बायकोला पाठीवरून उलटी उडवली तर ती थेट फळीवरच्या डब्यांत जाईल, आणि डबे शेजाऱ्यांनाही ऐकू जातील. इथल्या नाचाने एका लादीतच मावलं पाहिजे. भगवानदादांनी स्विंगची घडी घालून ती एका लादीवर बसवली, एवढंच म्हणायचं आहे. विसर्जनाच्या गर्दीत तर ती लादीही मिळत नाही, अर्धीच मिळते. तरी स्टेप होते. म्हणूनच ती 'अलबेला'नंतर तेव्हाच्या परळ-लालबागच्या पोरांच्या अंगात शिरली ती आजतागायत निघालेली नाही. कोणी शिकवत नाही, कोणी शिकत नाही. बेंजोवाल्याने योग्य तुकडा धरला की कोपरं आपोआप वर होतात.

यातला योगायोग पाहा. भगवानदादांचा जन्म १९१३ चा, फ्रँकी मॅनिंगचा १९१४ चा. स्विंगची हवा ओसरल्यावर मॅनिंगने पोस्टात नोकरी धरली आणि तीस वर्षं केली; टपाल वाटपाच्या खोलीत शेजारी उभा असलेला हा इसम कोण, हे कोणाच्या गावी नव्हतं. इकडे भगवानदादांकडे आठवड्याच्या सात दिवसांना सात मोटारी होत्या, जुहूला बंगला होता. पुढचे सिनेमे आपटले, मोटारी गेल्या, बंगला गेला आणि ते दादरच्या चाळीत येऊन राहिले. १९८६ साली कॅलिफोर्नियाहून नाचवेडी मंडळी मॅनिंगला शोधत आली. त्याने पुन्हा बूट घातले, १९८९ साली नृत्यदिग्दर्शनासाठी टोनी पुरस्कार मिळवला आणि २००९ साली, पंचाण्णवीला एक महिना कमी असताना जाईपर्यंत जगभर शिकवत राहिला. भगवानदादांना शोधायला कोणी आलं नाही, कारण ते हरवलेच नव्हते. गणपतीच्या मिरवणुका त्यांच्या चाळीखाली थांबायच्या, ते खाली येऊन ती स्टेप करायचे, मग गणपती पुढे सरकायचा. २००२ साली ते गेले. टोनी मिळाला नाही, पण देवाला ट्रॅफिकमध्ये थांबवून ठेवायचा मान किती नर्तकांना मिळतो?

तर असा हा भाचा गेल्या वर्षी गणपतीला रजा काढून आला. अनंत चतुर्दशीला दुपारी तो लालबागच्या नाक्यावर उतरला ते लंडनचा बेत मनात धरूनच. चामडी तळव्याचे बूट मी काढायला लावले. गुलालाच्या चिखलात ते घालून नाचणारा माणूस थेट गिरगाव चौपाटीलाच जाऊन थांबला असता. बेंजो सुरू झाला. भाच्याने शाळेतल्या एका मित्राचा हात धरला. इथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. लंडनच्या हॉलमध्ये पुरुषाने पुरुषाबरोबर नाचावं का, बाईने पुढाकार घ्यावा का, यावर सध्या बरीच चर्चा होऊन सर्वांना मुभा मिळाली आहे म्हणे. लालबागमध्ये पुरुष पुरुषांबरोबर पिढ्यान् पिढ्या नाचत आले आहेत आणि त्यावर अजून एकही बैठक झालेली नाही.

भाच्याने तोंडातल्या तोंडात आकडे मोजले, मित्राला झटक्यात जवळ ओढलं आणि नियमाप्रमाणे लांब फेकलं. मित्र लांब गेला. परत आला नाही. त्या आठ फुटांत एक ताशेवाला, दोन होमगार्ड आणि कुलाब्याहून दर्शनाला आलेलं एक कुटुंब होतं. मित्र त्यांच्यातून वाहत वाहत पुढच्या मंडळात गेला आणि तिथेच नाचू लागला. त्यांनीही विचारलं नाही, कुठून आलास. भाचा हात पसरून उभाच. मग कोपरं वर झाली, खांदे सुटले, आणि मी पाहिलं तर पोरगा हिशेब सोडून एका लादीवर नाचत होता. बारा पौंडांच्या क्लासात जे वर्षभर जमलं नव्हतं ते, म्हणजे आकडे न मोजणं, ते त्याला इथे फुकट जमलं.

"मामा," रात्री पाय चेपत तो म्हणाला, "आमची टीचर सारखी विचारते, तुझा हा बाऊन्स आला कुठून?"

"मग काय सांगतोस?"

"इतके दिवस माहीत नव्हतं."

त्यानंतर पितृपक्ष लागला, आणि त्यात आमच्या वडिलांची तिथी आली. वडील गिरणीत जॉबर होते. 'अलबेला' आला तेव्हा ते विशीत होते आणि त्यांनी तो इतक्या वेळा पाहिला की आजोबांनी त्यांचा पगार परस्पर उचलायला सुरुवात केली. तिथीला बहीण नायगावहून सकाळीच आली. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, काळ्या वाटाण्याची उसळ, वडिलांना आवडायचं ते सगळं झालं. आमची चाळ पाडून आता टॉवर झाला आहे, त्यामुळे कावळ्याचं पान बावीस मजल्यांवरच्या गच्चीत न्यावं लागतं. या उंचीवर घारी येतात, हेलिकॉप्टर येतं. कावळ्याला दम लागतो.

पान ठेवलं. कावळा आला, समोरच्या टाकीवर बसला आणि बसूनच राहिला. बहिणीने हात जोडले. "बाबा, गावच्या घराचं छप्पर या मे महिन्यात नक्की करतो." कावळा ढिम्म. मी म्हटलं, "भाऊबंदकीची केस मिटवतो." कावळ्याने मान फिरवली, माझा शब्द त्याला ठाऊक असावा. बहिणीने भाच्याकडे पाहत मोठ्याने सांगितलं, "याचं लग्न पुढच्या वर्षी करून टाकतो." भाचा दचकला, कावळा दचकला नाही. वडे गार होऊ लागले.

तेव्हा भाच्याने खिशातून फोन काढला, 'अलबेला'तलं 'शोला जो भडके' लावलं आणि आईसमोर तळहात पुढे केला. लंडनमध्ये विचारतात तसा.

"वेडा का तू? पितृपक्षात?" बहीण म्हणाली.

"आजोबांच्या आवडीचं आहे ना?"

बहीण गप्प झाली. मुद्दा शास्त्रात बसत होता. तिथीला गेलेल्याच्या आवडीचं करायचं असतं; तिने आमसुलाच्या चटणीपर्यंत सगळं केलं होतं, हेच राहिलं होतं. तिने पदर खोचला, पानाकडे बघून एकदा नमस्कार केला आणि कारण रीतसर हातात आल्यावर मुलाचा हात धरला. वर्षभर त्या नाचाला नावं ठेवणाऱ्या माझ्या बहिणीची कोपरं बरोबर तेवढीच वर गेली. भाच्याने तिला एकदा लांब सोडलं. गच्चीवर आठ फूट होते. ती गेली, वळली आणि परत आली.

टाकीवरून कावळा उतरला. त्याने वडा उचलला, वर खिरीत चोचही बुडवली.

"झालं," मी म्हटलं. "शिवला कावळा. चला आता खाली, पानं वाढायचीत."

"तू हो पुढे," बहीण वळता वळता म्हणाली. "गाणं कुठे संपलंय अजून?"